जाड रेघ, बारीक रेघ

मी, खाली सही करणारी, न्यायालयातली निवृत्त स्टेनो, राहणार याच घरात, असे लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता, राजीखुशीने करत आहे. माझे पूर्ण नाव, वय व पत्ता स्टॅम्पपेपरच्या माथ्यावर टाइप केलेला आहे. ‘शुद्धीवर’ हा शब्द नोकरीत मी इतक्या लोकांसाठी उतरवून घेतला की हात तो झोपेतही काढेल. त्यातले निम्मे लोक खरोखर शुद्धीवर होते का, हे कोणी कधी विचारलं नाही. माझ्याबाबतीत मात्र जो येतो तो विचारतो, म्हणून आधी तेवढा खुलासा करते.

माझ्या डोक्यात डाव्या बाजूला गाठ होती. ती ऑपरेशन करून काढली आणि तिच्याबरोबर माझं लिहिणंही गेलं. मला कळतं सगळं. वाचताही येतं, बोट ठेवून, सावकाश. बोलता येतं, पण ऐन वेळी हवा तो शब्द दडून बसतो आणि मी तोंड उघडं टाकून त्याची वाट बघत राहते. लिहायला बसले तर अक्षरं ओळखच देत नाहीत. हॉस्पिटलात पाटीवर ‘पाणी’ लिहायला गेले आणि ‘पापहह’ असं काहीतरी उमटलं. मुलगा आधी हसला, मग बाहेर जाऊन रडला. मला दोन्ही ऐकू आलं.

तेव्हापासून मी माझ्याच घरात नजरकैदेत आहे. एकदा मी एकटी बाजारात गेले आणि परतताना रिक्षावाल्याला पत्ता सांगता येईना. त्याने कागद दिला, तर कागदावरही येईना. संध्याकाळपर्यंत मी एका औषधाच्या दुकानात स्टुलावर बसून होते. त्या दिवशी मुलाने दाराला आतून कुलूप बसवलं आणि किल्ली आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या नणंदेकडे दिली. किल्ली तिच्याकडे, पण हुकूम त्याचा. ती बिचारी काय करणार? तिने दार उघडलं तर उद्या तिच्यासाठीच दार बंद होईल, हे तिला माहीत आहे. मुलाने घरभर पाट्याही लावल्या आहेत: ‘साखर’, ‘बाथरूम’, ‘आईची खोली’, सगळं ठळक अक्षरात. त्यातल्या दोन पाट्यांत शुद्धलेखनाच्या चुका आहेत. मला लिहिता येत नाही, पण दिसतात.

आता हे मृत्युपत्र लिहिलं कसं, ते सांगते. घरी आणल्यावर मी दिवसभर टीव्हीसमोर असायची. एकदा बातम्या चालू असताना लक्षात आलं की माझं बोट चादरीवर चालतंय. ही खोड सगळ्या स्टेनोंना असते. समोरचा बोलू लागला की बोट आपलं उतरवून घेतं. नवऱ्याशी भांडतानाही मी त्याचं बोलणं गुडघ्यावर उतरवून घ्यायची आणि मग त्यालाच वाचून दाखवायची. त्या दिवशी मी बोटाकडे नीट पाहिलं. बोट बरोबर लिहीत होतं. शॉर्टहँडमध्ये अक्षरं नसतातच. कानाला आलेल्या आवाजाची एक खूण असते: जाड रेघ, बारीक रेघ, ओळीच्या वर, ओळीवर, ओळीखाली. गाठ काढणाऱ्यांच्या हातून माझी बाराखडी गेली, पण या रेघा कुठल्या तरी दुसऱ्या कप्प्यात होत्या, त्या वाचल्या. मी नणंदेच्या शिवणाच्या डब्यातली खुणेची पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: ‘मला वेड लागलेलं नाही. माझं वाक्य मला पुरं करू द्या. दार उघडं ठेवा.’

मुलगा कामावरून आला. “अरे वा, आईने नक्षी काढलीये!” तो सुनेला म्हणाला. “हाताला काही काम द्या असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना.”

“हे... हे नक्षी नाही,” मी म्हटलं. “हे माझं...”

“हो आई, फूल आहे. कळलं.”

आणि त्याने तो कागद चुंबक लावून फ्रिजवर लावला. येणारे-जाणारे कौतुक करायचे. माझी तक्रार माझ्याच फ्रिजवर टांगलेली होती आणि तिच्याशेजारून रोज दूध काढलं जात होतं. अशा वेळी माणसाला ओरडावंसं वाटतं, पण ओरडले असते तर गोळ्या वाढल्या असत्या.

नणंदेच्या डोक्यात प्रकाश पडला तो फ्रिज पुसताना. “वहिनी, हे तुझं ऑफिसातलं किड्यामुंग्या लिहिणं तर नव्हे?” मी जोरात मान हलवली. “मग हे वाचणारं कोणी उरलंय का?” एकच माणूस उरला होता, आणि त्याचं नाव माझ्या तोंडाशी येईना. शेवटी मी तिच्या डब्यातल्या दोन टाचण्या ओठांत धरून दाखवल्या. ती खाली बसून हसली. “टाचणी! अगं, पण त्या माणसाशी तू बोलत नाहीस ना?”

टाचणी म्हणजे आमच्या कोर्टातले दुसरे स्टेनो. कागद टाचायच्या टाचण्या तोंडात धरून बोलायचे, म्हणून टाचणी. आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना नोकरी संपवली, आणि त्यातली निम्मी वर्षं अबोल्यात. कारण असं की मी रजेवर असताना माझ्या हातचा एक निकाल त्यांनी वाचून टाइप केला, आणि भरल्या ऑफिसात म्हणाले, “बाईंचं शॉर्टहँड बाईंपेक्षा मला बरं वाचता येतं.” साहेब हसले, शिपाई हसला. मी त्या दिवसापासून त्यांना फक्त “हं” एवढंच म्हटलं. टाचणी, हे सगळं जसंच्या तसं टाइप करायचं आहे. डोळे मोठे करू नका.

(टाइप करणाऱ्याची टीप: डोळे मोठे केलेले नाहीत. तो निकाल वाचता येत होता, हे मात्र खरे आहे.)

नणंदेने बोलावलं आणि ते आले. मुलगा कामावर होता. चष्मा बदलून फ्रिजसमोर उभे राहिले आणि मोठ्याने वाचलं: “मला वेड लागलेलं नाही. माझं वाक्य मला पुरं करू द्या. दार उघडं ठेवा.” किती महिन्यांनी माझं एक अख्खं वाक्य त्या स्वयंपाकघरात ऐकू आलं. मी रडले. नणंदही रडली आणि कमरेची किल्ली काढून तिच्याकडे बघत बसली. टाचणींनी खिशातून माझ्यासाठी चांगली पेन्सिल काढली आणि अट घातली: जे कागदावर असेल तेच टाइप करणार, तोंडी सांगितलेलं नाही. मीही अट घातली, लिहून: तुमच्या पदरचा एक शब्द घालायचा नाही.

मी शुद्धीवर असल्याचा दाखला माझ्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. नणंदेने दार उघडलं आणि टाचणी मला त्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी ऐकूनच घेतलं नाही. मग म्हणाल्या, परीक्षा घेते. टाचणींना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला कुठल्याशा औषधाच्या माहितीपत्रकातलं वाचून दाखवलं. मध्येच त्यांना फोन आला. मी उतरवत राहिले. मग टाचणींनी आत येऊन माझा कागद वाचला: औषध कसे घ्यावे, ते कोणी घेऊ नये, आणि “हो रे, येताना दूध आणते, तू आधी अभ्यासाला बस.” डॉक्टरीणबाई एवढ्या मोठ्या, पण लाजल्या. दाखला लगेच लिहून दिला. त्याच दिवशी त्यांनी मला दुसरी गोष्टही सांगितली, की डोक्याच्या नव्या फोटोत पुन्हा सावली दिसते आहे आणि या खेपेला चाकू लावण्यात अर्थ नाही. म्हणून मी घाईत आहे.

कलम पहिले. यापूर्वी माझ्या अंगठ्याने जे मृत्युपत्र झाले आहे ते मी रद्द करत आहे. ते कसं झालं, हे कोर्टासमोर यावं म्हणून लिहिते. मुलाने वकीलसाहेबांना घरी आणलं. मी पलंगावर, ते खुर्चीवर, मुलगा माझ्या उशाशी. वकिलांनी विचारलं, “घर कोणाला द्यायचं, आजी?” मी म्हटलं, “घर माझ्या... माझ्या...” ‘नणंद’ हा शब्द जिभेच्या टोकावर होता.

“माझ्या मुलाला,” मुलगा म्हणाला. वकिलांनी लिहिलं.

“नाही. नण... नण...”

“नंतर बघू म्हणतेय. आई, दमलीस का? दमलीये ती.”

वकिलांनी तेही लिहिलं असतं, पण त्यासाठी रकाना नव्हता. माझा अंगठा शाईत बुडवला तेव्हा मी तो मागे ओढला. मुलाने तो प्रेमाने धरला आणि टेकवला. नंतर मी ते बोट ठेवून वाचलं. नणंदेबद्दल एकच ओळ होती: ‘मुलाने आपल्या आत्याची योग्य ती सोय करावी.’ योग्य ती! कोर्टात जन्म गेला माझा. ‘योग्य ती कारवाई करावी’ असं साहेबांनी सांगितलं की आम्ही समजायचो, आता कोणी काही करणार नाही. आणि मुलाची योग्य ती सोय मला माहीत आहे. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमाचं छापील पत्रक त्याच्या बॅगेत आहे. फोटोत झाडं पुष्कळ आहेत, माणूस एकही नाही.

कलम दुसरे. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची अर्धी गच्ची ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. कर्ज माझ्या पगारातून फिटलं. माझ्या मृत्यूनंतर माझ्या नणंदेला या घरात ती हयात असेपर्यंत राहण्याचा पूर्ण हक्क राहील. ती जिवंत असताना हे घर कोणालाही विकता, गहाण टाकता, भाड्याने देता किंवा तिला त्यातून हलवता येणार नाही. ‘तिच्याच भल्यासाठी’ हे कारण देऊनही नाही. दाराची किल्ली तिच्याकडे राहील आणि हुकूमही तिचाच राहील. तिच्या पश्चात घर माझ्या मुलाचे.

यामागचं कारण विचारलं जाईल, म्हणून सांगते. मी नऊ वाजता कोर्टात जायची आणि दिवेलागणीला यायची. मूल तिने वाढवलं. माझ्या नवऱ्याच्या मागेही ती राहिली. शिवणकामावर स्वतःचा खर्च भागवला, कोणाकडे हात पसरला नाही. मुलगा उशिरा बोलला. सगळे म्हणायचे, डॉक्टरला दाखवा, मुका निघेल. ती त्याच्यासमोर भाजी निवडत बसायची आणि तो “आ... आ...” करत राहायचा, तरी ती एक शब्द पुढे सरकवायची नाही. म्हणायची, “घाई नाही राजा. शब्द पायी निघालाय, येईल.” आता तेच ती मला म्हणते. या घरात माझा शब्द येईपर्यंत थांबणारी ती एकटी आहे. नणंद-भावजयीचं नातं म्हणजे विळ्याभोपळ्याचं म्हणतात. असेल कोणाचं. तिला या वयात दुसऱ्याच्या छपराखाली ‘सोयीने’ राहायला लागलं, तर मला मेल्यावरही घुसमट होईल.

कलम तिसरे. बँकेतल्या ठेवी निम्म्या नणंदेला, निम्म्या मुलाला. या ठेवींना मीच हात लावू शकले नाही, कारण माझी सही माझ्या सहीशी जुळत नाही. काउंटरवरची मुलगी माझ्या जुन्या सहीचा नमुना माझ्यापुढे धरून म्हणाली, “आजी, अशी करा ना, अशीच.” मी ती चित्रासारखी बघून काढत होते, अर्धी झाल्यावर हात कुठे निघून गेला मला कळलं नाही. रांगेतल्या लोकांनी घड्याळं बघितली. मुलगी चांगली होती, तिचा दोष नाही. पण ज्या बाईच्या सहीवर लोकांची जमीनजुमल्याची कागदपत्रं पुढे सरकली, तिला त्या दिवशी अंगठा द्यावा लागला.

कलम चौथे. माझं टाइपरायटर मशीन टाचणी यांना. या मशीनवर त्यांचा डोळा पूर्वीपासून आहे, नाही म्हणू नका. ‘र’ची दांडी जरा वर उडते, तेवढं सांभाळून घ्यावं. त्यांना या मृत्युपत्राने लाभ होत असल्यामुळे ते साक्षीदार राहिलेले नाहीत. कायदा मला अजून येतो.

कलम पाचवे. सुनेला माझे मनगटी घड्याळ. एकदा ती दुपारी कुलूप लावायला विसरली आणि मी गच्चीवर जाऊन उन्हात उभी राहून आले. ती विसरणारी बाई नाही. तिने कोणाला सांगितलं नाही, मीही नाही.

कलम सहावे. मुलाने मला पहिलीची गिरवायची वही आणून दिली होती. ती वकीलसाहेबांना द्यावी. तिच्यात ‘थांब’ हा शब्द गिरवायला आहे. त्यांनी पानभर गिरवावा.

कलम सातवे. मी गेल्यावर घरातल्या पाट्या काढाव्यात. नणंदेला साखर कुठे असते ते माहीत आहे. माझ्याबद्दल चार शब्द बोलायला कोणी उभं राहिलंच, तर बोलावं, पण मी शेवटी लहान मुलासारखी निरागस झाले होते असं म्हणू नये. मी निरागस नव्हते. मी संतापलेली होते, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि चेहरा हसरा ठेवत होते, कारण न हसणाऱ्या रोग्याला लोक अधिकच मोठ्याने विचारतात, “कसं वाटतंय?”

टाचणी, ही पानं मी एका बैठकीत लिहिलेली नाहीत, ते तुम्हाला रेघांवरून दिसलं असेल. काल ‘घड्याळ’ची खूण शोधत मी किती वेळ बसले! जाड रेघ काढायला जाते आणि ती बारीकच राहते. म्हणजे त्या दुसऱ्या कप्प्यालाही आता वाळवी लागली. याची भीती वाटते. हातातलं एवढं एक दार उघडं होतं, तेही आता लोटलं जातंय. घराचं कलम आधी उरकलं ते याचसाठी. ते तुम्ही वाचून दाखवलंत, मी बोट ठेवून ताडून पाहिलं, ते बरोबर आहे. आता कोणी काहीही म्हटलं तरी ते बदलायचं नाही.

कलम शेवटचे. माझ्या मुलास. बाळा, तुझं कलम मी मुद्दाम मागे ठेवलं. घराचं लिहायला डोकं लागतं, तुझं लिहायला दम लागतो. तू वाईट नाहीस. हेही मी शुद्धीवर लिहिते आहे. मी तुझ्यावर रागावलेय, ते वर पानोपानी आलं आहे आणि ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. हॉस्पिटलातून आणलंस त्या दिवशी लिफ्ट बंद होती. तू मला उचलून जिना चढलास. मधल्या वळणावर टेकलास आणि विचारलंस, “आई, तू मला ओळखतेस ना गं?” माझं उत्तर निघालं होतं. ते पोचायच्या आत तूच म्हणालास, “असू दे, दमलीये ती,” आणि पुढे चढू लागलास. तेव्हापासून ते उत्तर माझ्याजवळ तसंच पडून आहे. ते आता देते. बाळा,

————————————

टाइप करणाऱ्याचे निवेदन: येथपर्यंत वाचता आले. मूळ कागदावर यापुढे आणखी काही ओळी आहेत. रेघा जाड की बारीक ते कळत नाही, एकीवर एक चढल्या आहेत. भिंग लावून पाहिले. बाईंना दाखवले, त्यांनाही वाचता आल्या नाहीत. पुन्हा लिहा म्हणून नवा कागद दिला. त्यांनी पेन्सिल टेकवली आणि उचलून घेतली. त्या ओळींत काय असावे याचा अंदाज मला आहे, तो कोणालाही येईल. पण ठरल्याप्रमाणे पदरचा शब्द घातलेला नाही. मृत्युपत्रात कोरी जागा सोडता येत नाही म्हणून तिथे आडवी रेघ मारली आहे.

मुलगा या वेळी बाहेरच्या खोलीत बसलेला आहे. त्याला आत बोलावतो, तोंडीच सांगा, असे मी बाईंना म्हटले. त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. मी थांबलो. मग त्या म्हणाल्या, “नको. तो... तो माझं वाक्य... पुरं करेल.”

मृत्युपत्र करणार: सही शॉर्टहँडमध्ये, शेजारी अंगठ्याचा ठसा. ठसा माझा मी टेकवला आहे, कोणी हात धरलेला नाही.

टाइप करून वाचून दाखवणार: न्यायालयातले निवृत्त स्टेनो, सही. मूळ शॉर्टहँडचे कागद सोबत जोडले आहेत. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आहेत.

साक्षीदार पहिल्या: उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई, सही.

साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरचे चष्म्याचे दुकानदार, सही. त्यांनी मजकूर ऐकला व बाईंना तो समजत असल्याची खात्री करून घेतली.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
दिनांक: एकवीस नोव्हेंबर, गुरुवार.